बी विंगची टाकी कलली आहे, मोटार लावू नका

बी-४०२ काका: मोटार कोणी लावली? सकाळीच लिहिलं होतं, लावू नका. दोन हजार लिटरच्या टाकीचा स्टँड जिन्याकडे दोन बोटं कललाय. फोटो परत टाकतोय. मागचा उजवा पाय कोब्यालगत गंजून गेलाय, अँगल कडक भाकरीसारखा तुकडे पडून हातात येतोय.

बी-१०४: आज नळाला पाणी आलंय ओ काका. आज नाही भरलं तर परत पुढच्या पाळीची वाट बघायची का?

बी-४०२ काका: खालचा हौद भरू द्या. वर चढवू नका.

ए-२०१: मधे एक टेकू ठोका. पाचशेत काम.

सेक्रेटरी: नमस्कार. मोटार बंद केली आहे. अण्णा, तुमचं फॅब्रिकेशनचं काम आहे, जरा वर जाऊन बघता का?

ए-३०१ अण्णा: बघितलं. आधी टाकी रिकामी करा. एक लिटर म्हणजे एक किलो, भरली की दोन टन. चारातला एक पाय गेला की त्याच्या शेजारचे दोन पाय टन-टन उचलतात, समोरचा तिरपा पाय नुसता नावाला राहतो. म्हणजे पुढचं मोडणार ते त्या दोघांतलं.

ए-१०२ काकू: शुभ प्रभात 🌺🌺

बी-३०३: काकू, वरचे मेसेज वाचा आधी 😄

ए-१०२ काकू: वाचलेत. माझी सांडग्यांची पाटी तिकडेच आहे, कोणीतरी उचलून आणा.

ए-२०१: टेकू.

ए-३०१ अण्णा: टेकू स्लॅबच्या मधोमध येतो. आयएस ८७५ (इमारतीवरच्या भाराचं भारतीय मानक) प्रमाणे माणसांचा वावर असलेल्या गच्चीवर चौरस मीटरला साधारण दीडशे किलो वजन धरतात. टेकूखाली वीतभर जागेत टनभर बसेल. स्लॅबला तडा गेला तर ४०२ च्या हॉलमध्ये पाणी. वजन बीमवरच उतरलं पाहिजे.

बी-१०४: त्या स्टँडला डिश कोणी बांधली ते पण विचारा.

बी-३०३: माझी आहे. दहा किलोचीही नाही. डिशने टाकी पडते का?

ए-३०१ अण्णा: वजनाने नाही, पण वळवाच्या वाऱ्यात हिसका बसतो. कठड्यावर घ्या.

बी-३०३: घेतो. १०४ ने पण गाडी रेषेत लावावी.

माजी सेक्रेटरी: आमच्या काळात दरवर्षी रंग होत होता. नंतरचं आम्हाला विचारू नये.

सेक्रेटरी: सर, आदर आहे. पण रंग गंज न घासताच मारलेला आहे, पापुद्रा नखाने निघतोय.

माजी सेक्रेटरी: बरं. चालू द्या.

ए-३०१ अण्णा: रंग असता तरी वाचला नसता. पाय कोब्यात गाडलेत. बॉलकॉक गळतो, पाणी पायाशी साचतं, आणि गाडलेल्या भागाला ब्रश पोचत नाही. दुसरं, वरच्या आडव्या पट्ट्या चाळीस मिमीच्या अँगलच्या, त्याही लांब-लांब. मधे मधे टाकीचा तळ लोंबतोय. उन्हाळ्यात प्लॅस्टिक मऊ पडतं, तेव्हा झोळ वाढतो. टाकी कलली की निप्पलवर (टाकीला पाइप जोडणारा तुकडा) पाइपाचा ताण येतो, तिथे केसासारखी चीर दिसतेय. निप्पल आणि वॉशर बदलायचाच.

काम असं: युनियन (पाइपचा खोलता येणारा जोड) खोलून टाकी खाली घ्यायची. टाकी वर ठेवून वेल्डिंग करू द्यायचं नाही, ठिणगीने भोक पडतं. वरची चौकट दीड मीटरची, ७५ मिमीचा चॅनेल (पन्हळीसारखं लोखंड) ६ मीटर, सुमारे ४२ किलो. आत चार आडवे, ३०० मिमीवर, ६५×६ चा अँगल. पाय त्याचेच, चार फुटी. मिळून ११ मीटर, ६३ किलो. चारही बाजूंना कैची (फुलीसारखे तिरपे आधार) ४०×५ च्या अँगलची, १५ मीटर, ४५ किलो. वर ६ मिमीची चेकर्ड प्लेट (नक्षीचा खरखरीत पत्रा), टाकीच्या तळापेक्षा चारही बाजूंनी जास्त. शहाबादी फरशी स्वस्त, पण चौकट जरा वाकडी असली की तडकते.

ए-२०१: एवढं लोखंड? टेकू पाचशेत.

बी-४०२ काका: अहो तुमच्या डोक्यावर टाकी नाही.

ए-३०१ अण्णा: पाय कोब्यात नकोत. १५०×१५० ची १० मिमी प्लेट पायाला, ती काँक्रीटच्या सहा इंची ठोकळ्यावर. ठोकळा बीमवर. पाय बीमवर येत नसेल तर बीम ते बीम आडवा चॅनेल, त्याचा साइज स्ट्रक्चरल इंजिनिअरच सांगेल. बीमच्या रेषा खडूने मारून घ्या. वेल्डिंग नुसते टाके नकोत, पूर्ण सांधा भरा. स्लॅग (वेल्डिंगवरची खपली) ठोकून, तारेच्या ब्रशने घासून दोन हात रेड ऑक्साइड प्रायमर, मग दोन हात ऑइलपेंट. पाइपला फ्लेक्सिबल तुकडा. टाकी पट्टीने बांधा, रिकामी असताना वारा उचलतो.

बी-१०४: आणि लगेच भरायची?

ए-३०१ अण्णा: ठोकळे सात दिवस भिजवा, मग स्टँड. आधी अर्धी भरा, रात्रभर ठेवा, पायाला ओळंबा लावा. हलला नाही तर पूर्ण.

सेक्रेटरी: तीन कोटेशन मागवतो. किलोचा दर आणि मजुरी वेगळी लिहून. तोवर बी विंगला ए ची टाकी जोडतो, सकाळी ६ ते ७ आणि संध्याकाळी ६ ते ७.

ए-२०१: ए विंगला विचारलं का?

सेक्रेटरी: आत्ता विचारतोय.

ए-१०२ काकू: माझी हरकत नाही. पाटी आली का खाली?