मदत हवी आहे: आई-बाबांना हनोई दाखवायचंय, दोन दिवसांत काय काय बसवू?

मी कामानिमित्त वर्षभर हनोईत आहे आणि पुढच्या महिन्यात आई-बाबा पहिल्यांदाच येतायत, शनिवार-रविवार पूर्ण माझ्याकडे, सोमवारी मला ऑफिस. आईचे गुडघे दुखतात आणि दोघं पक्के शाकाहारी.

शनिवारी सकाळी हो ची मिन्हची समाधी करायची म्हणतोय, कारण ती सकाळीच उघडी असते आणि दर सोमवारी व शुक्रवारी बंद, तिथून वान मिएव, ते १०७० सालचं साहित्यमंदिर, दगडी कासवांच्या पाठीवरचे ८२ शिलालेख बाबा एकेक करून बघणार हे नक्की. संध्याकाळी होआन किएम तळं, वीकेंडला तिथे गाड्या बंद असतात त्यामुळे आईला निवांत चालता येईल.

खरी अडचण ओल्ड क्वार्टरची, म्हणजे शहराच्या जुन्या गजबजलेल्या भागाची. फुटपाथवर स्कूटर लावलेल्या, म्हणजे रस्त्यातूनच चाला. रस्ता क्रॉस करताना हळूहळू एका वेगाने चालत राहायचं, बाइकवाले आपोआप बाजूने जातात, पण आई मधेच थबकते किंवा मागे पळते, आणि तेच सगळ्यात डेंजर. तिथे सायक्लो (इथली सायकल रिक्षा) घ्यावी का? भाडं आधी कसं ठरवता?

दुसरं, जेवण. 'चाय' म्हणजे इथे शाकाहारी (बाबा चहाच समजणार!), पण साध्या भाजीतही माशाचा सॉस असतो. ओल्ड क्वार्टरजवळ खात्रीचं चाय हॉटेल, आणि मुख्य म्हणजे नीट उंचीच्या खुर्च्या असलेलं, कोणाला माहितीय का? ती वीतभर उंचीची प्लॅस्टिकची स्टुलं आईला जमणार नाहीत, बसली तर उठवायला दोघं लागतील.