हिस्टरीला अ‍ॅप्लाय करायच्या आधी काय वाचू?

प्रश्न: पुढच्या वर्षी युनिव्हर्सिटीत हिस्टरीसाठी अर्ज करायचाय. शाळेत नुसत्या सनावळ्या पाठ केल्या, त्यामुळे सुरुवात कुठून करू कळत नाहीये. जगाचा जाडजूड इतिहास घेऊ की एकच काळ पकडू?

उत्तर १: एकच काळ पकड, मनापासून आवडणारा, आणि त्यावर एकमेकांशी न पटणारी दोन पुस्तकं वाच. फ्रेंच राज्यक्रांतीचंच बघ ना, १७८९ला जे झालं ते वर्गसंघर्षातून झालं म्हणणारे आहेत आणि राजकारणाची भाषाच बदलली म्हणून झालं म्हणणारेही आहेत, पुरावे बरेचसे तेच, मग निष्कर्ष वेगळे का, हे शोधताना खरं शिकशील.

उत्तर २: +१. सोबत ई. एच. कार यांचं १९६१चं ‘व्हॉट इज हिस्टरी?’ घे, छोटंच आहे. इतिहासकार फॅक्ट्स निवडतो कसे, हे पहिल्याच प्रकरणात आहे, मला दोनदा वाचल्यावर कुठे समजलं.

उत्तर ३: मूळ साधनंही बघ प्लीज, पत्रं, डायऱ्या, कोर्टाचे कागद. कोणी लिहिलं, कोणासाठी, काय गाळलं एवढं वहीत टिपून ठेव. आणि न वाचलेल्या पुस्तकाचं नाव अर्जात अजिबात टाकू नकोस, इंटरव्ह्यू असेल तर नेमकं त्यावरच विचारतील.