एकच वचन, कितीतरी दिवस: तुमचा मननाचा अनुभव सांगा

साक्रीची लेक
सलाम सगळ्यांना. काल गच्चीवर बिबडे (ज्वारीचे पापड) टाकत होते, ऊन नुसतं भाजून काढत होतं, आणि मधेच लक्षात आलं की मी तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटतेय. "परमेश्वर माझा मेंढपाळ आहे" एवढंच, परत परत. आणि आजी आठवली एकदम, म्हणजे तिचा आवाजच कानात आला. तिला वाचता येत नव्हतं. रविवारी पाळकांनी वाचलेल्यातलं एक वचन ती घरी घेऊन यायची आणि मग आठवडाभर तेच, कापूस वेचताना, भाकरी थापताना, शेळ्यांच्या मागे. संध्याकाळी मला शास्त्र, म्हणजे बायबल, घेऊन समोर बसवायची आणि तेच वचन वाचायला लावायची. मी ८-९ वर्षांची, कंटाळायचे, पुढचं वाचू का म्हणायचे. तर म्हणायची, "नको, आजून हाईच पचनं नही."
तेव्हा राग यायचा. आता वाटतं मनन म्हणतात ते हेच. तुमच्या घरी कोण करायचं, तुम्ही कसं करता, लिहा ना.

भुसावळकर
आमचे पप्पा रेल्वेत होते. ड्युटीला जाताना शर्टाच्या खिशात एक चिठ्ठी, त्यावर एक वचन. कपडे धुताना आई आधी खिसा बघायची. तरी बऱ्याच चिठ्ठ्या धुतल्या गेल्या, पण पप्पा म्हणायचे जाऊ दे, पाठ झालंय. यहोशवा १:८ मध्ये पण बघा, नियमशास्त्र मुखी असू दे असंच आहे.

कळण्याची भाकरी
ताई बिबड्यात लसूण टाकता का तुम्ही? आमच्याकडे तीळ जास्त. गरम गरम घाटा, म्हणजे बिबड्यांचं शिजवलेलं पीठ, तेल टाकून खायचा, काय आठवण काढली 😍

रात्रपाळी
मी नर्स आहे, जळगावला. पहाटे ३ ते ५ सगळ्यात अवघड वेळ, डोळे मिटतात आणि नेमके तेव्हाच पेशंट बिघडतात. स्तोत्र १२१ मध्ये आहे ना की इस्राएलाचा रक्षक डुलकी घेत नाही, झोपत नाही. बेड ते बेड फिरताना तेवढंच धरून असते. आधी वाटायचं हे वचन माझ्यासाठी आहे, मला जागं ठेवायला. बऱ्याच महिन्यांनी कळलं की ते पेशंटसाठी आहे. मी खुर्चीत टेकले तरी कोणीतरी जागं आहे. त्या रात्रीपासून भीती कमी झाली. बेल वाजली, येते.

यावलचा
स्तोत्र १२१ म्हणजे आमचं घरचंच. "मी आपली दृष्टी पर्वतांकडे लावतो" म्हटलं की दारातून सातपुडा दिसतो 🙂 लहानपणी मला वाटायचं मदत डोंगरातूनच येणार. दुसऱ्या ओळीपर्यंत कोण थांबतंय तेव्हा.

वाचनवेडा
थोडं लांब लिहितो. पहिल्या स्तोत्रात "रात्रंदिवस मनन करतो" आहे, तिथला मूळ हिब्रू शब्द पुटपुटण्याचा, गुरगुरण्याचा आहे. यशया ३१:४ मध्ये सिंह शिकारीवर गुरगुरतो तिथे तोच शब्द, ३८:१४ मध्ये पारव्यासारखं घुमणं आहे तिथेही तोच. म्हणजे आजी पुटपुटायच्या ते अगदी बरोबर होतं. बाराव्या शतकात गिगो दुसरा नावाच्या मठवासीयाने याच्या चार पायऱ्या लिहिल्या, वाचन, मनन, प्रार्थना आणि मग नुसतं देवासमोर गप्प बसणं. त्याने वाचनाला तोंडात घास घेणं म्हटलंय आणि मननाला चावणं.
मी स्वतः दोन वर्षं वर्षभरात पूर्ण बायबल वाचायच्या मागे होतो. ११८९ अध्याय, रोज तीनचार. पूर्ण झालंही, पण काल काय वाचलं विचारलं तर सांगता यायचं नाही. आता स्तोत्र ११९ घेतलंय. १७६ वचनं आहेत, हिब्रूच्या २२ अक्षरांना प्रत्येकी ८. आठवड्याला एक अक्षर. पाचवा आठवडा चालू आहे.

साक्रीची लेक
पारव्यासारखं!! आजीचा आवाज तसाच होता हो, घुमल्यासारखा. बाहेरून कळायचं नाही काय म्हणते ते.

मुक्ताईनगर
मी ख्रिस्ती नाही, चालेल ना लिहिलेलं? आमचे आजोबा हरिपाठ असाच चालता चालता म्हणायचे. जपासारखंच झालं का हे?

भुसावळकर
चालेल काय दादा, लिहाच. थोडं सारखं आहे, थोडं वेगळं. जपात नाम एकच राहतं. आम्ही वचनाला प्रश्न विचारतो, आज हे मला काय सांगतंय. उत्तर येईपर्यंत सोडायचं नाही. आणि आमच्या चर्चमध्ये अजून नारायण वामन टिळकांची भजनं होतात, अभंगाच्या चालीत. आजोबांना आवडली असती.

रावेरकडचा
आमच्याकडे जूनच्या सुरुवातीला वादळ झालं, केळीचा बाग कापणीला आलेला, अर्ध्या तासात सगळा आडवा. वडील दोन दिवस बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी बायबलमधलं हबक्कूकचं पुस्तक काढलं, ३:१७. अंजिराचं झाड फुललं नाही, द्राक्षाला फळ नाही, शेतात अन्न नाही, गोठ्यात गुरं नाहीत. वडील अंजिराच्या जागी केळी म्हणायचे. रोज सकाळी तेवढंच आणि थांबायचे. १८ वं वचन आहे की तरी मी परमेश्वराच्या ठायी आनंद करीन. ते वाचायचेच नाहीत. आईने एकदा विचारलं तर म्हणाले, आत्ता म्हटलं तर देवाशी खोटं बोलल्यासारखं होईल.
चार महिने १७ वरच होते. कर्ज तसंच, नवीन रोपं गुडघ्याएवढी, त्यांना घड कधी येणार कोणाला माहीत. आणि एक दिवस गोठ्यात दूध काढताना मी बाहेरून ऐकलं, १८ वं म्हणत होते. हळू, अडखळत. मी आत गेलो नाही.

रात्रपाळी
दादा 🙏🙏

कळण्याची भाकरी
वाचून डोळे भरले. आधी मी नुसतं बिबड्याचं विचारून गेले, खरं तर लिहायचं नव्हतं. मिस्टर गेल्यावर मला शास्त्र वाचवतच नव्हतं. अक्षरं दिसायची पण आत जायची नाहीत. सगळे म्हणायचे वाच, शांती मिळेल. नाही मिळायची. फक्त स्तोत्र ४२ मधली एक ओळ राहिली, "हे माझ्या जिवा, तू का खिन्न झालास?" सहा महिने फक्त प्रश्नच विचारत होते स्वतःला. पुढे देवाची आशा धर आहे ते माहीत होतं पण रावेरच्या काकांसारखंच, तोंडून निघत नव्हतं. अजून काही दिवस तसेच जातात. कोणालाच सांगितलं नव्हतं, वाटायचं माझाच विश्वास कमी आहे.

रावेरकडचा
ताई, वडिलांना वाचून दाखवलं. म्हणाले, त्या बाईला सांग घाई नको करू.

मुक्ताईनगर
ताई काळजी घ्या. वडिलांना नमस्कार सांगा दादा.

यावलचा
साक्रीताई, आजींचं शेवटी शेवटी कुठलं वचन होतं?

साक्रीची लेक
योहान १४. "तुमचे अंतःकरण अस्वस्थ होऊ नये." दवाखान्यात मी वाचलं, आणि सवयीने थांबले, कारण तिला पुढचं नकोच असायचं. तर डोळे मिटूनच म्हणाली, "पुढलं वाच." मग मी दुसरं वचन वाचलं, पित्याच्या घरात राहायच्या जागा पुष्कळ आहेत ते.
कळण्याची भाकरी ताई, लसूण टाकते मी. या एकदा घरी, बिबडे वाळत आलेत.