विषय: सही करावी की नाही?

नमस्कार मंडळी,

मंडळाच्या या ईमेल यादीवर मी एरवी फक्त वाचते, आज पहिल्यांदाच लिहितेय. अमेरिकेत पीएचडीचे तिसरे वर्ष, एफ-१ म्हणजे विद्यार्थी व्हिसा. काम रोबॉटिक्सचे: अंधारात, धुरात, अनोळखी इमारतीत यंत्राने वाट कशी शोधावी. पैसा संरक्षण खात्याच्या ग्रँटचा. हे मला पहिल्या दिवसापासून माहीत आहे, कोणी लपवले नव्हते.

गेल्या महिन्यापासून आमच्या इमारतीसमोर विद्यार्थी बसलेत. मागणी एका ओळीची: विद्यापीठाने संरक्षण खात्याशी आणि शस्त्रे बनवणाऱ्या कंपन्यांशी सर्व संबंध तोडावेत. त्यांतल्या दोघीतिघी रोजच्या ओळखीच्या आहेत. काल एकीने सह्यांचा कागद पुढे केला. म्हणाली, "तू आतली आहेस, तुझ्या सहीला वजन आहे." मी "उद्या सांगते" म्हणून निसटले.

एक तर व्हिसाची भीती आहे. दुसरी गोष्ट मी अजून कोणाशी बोललेली नाही. धुरातून वाट काढणारे यंत्र आगीत अडकलेल्या माणसापर्यंत पोचेल, तसेच लपून बसलेल्या माणसापर्यंतही पोचेल. सरांना विचारले तर म्हणतात, "आपण गणित करतो."

आईला विचारले तर ती घाबरेल. तुमच्यापैकी कोणी यातून गेले असेल तर सांगाल का?

— एक विद्यार्थिनी (नाव समितीकडे आहे)

•

उत्तर: सही करावी की नाही?

बाळ, सही करू नकोस. कारण सांगतो, मग हवे तर रागाव.

मी ३१ वर्षे रडारच्या अँटेनांवर काम केले. नागरिकत्व मिळेपर्यंत मला त्या इमारतीच्या दारातही उभे करत नव्हते, म्हणून हे काम मी सहज मिळाल्यासारखे केलेले नाही. तुझा मेल ज्या जाळ्यावरून आला त्याचा पहिला संदेश २९ ऑक्टोबर १९६९ ला लॉस एंजेलिसहून स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटला गेला, संरक्षण खात्याच्याच पैशावर. आंदोलनाला येताना ही मुले फोनवर रस्ता बघतात, ते जीपीएसही त्याच खात्याचे. घ्यायचे सगळे आणि नाव ठेवायचे, हे मला पटत नाही.

दुसरे, अशा गोष्टी कुठे जातात ते मी पाहिले आहे. २४ ऑगस्ट १९७० च्या पहाटे मॅडिसनला विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या स्टर्लिंग हॉलबाहेर युद्धविरोधी आंदोलकांनी स्फोटकांनी भरलेली व्हॅन उडवली. रोख होता वरच्या मजल्यांवरच्या लष्करी गणित केंद्रावर. मेला रॉबर्ट फासनाख्ट, अतिवाहकतेवर काम करणारा ३३ वर्षांचा भौतिकशास्त्रज्ञ, तीन मुलांचा बाप. त्याचा त्या केंद्राशी काडीचा संबंध नव्हता.

आणि तिसरे, तू पाहुणी आहेस. पाहुण्याने घरमालकाच्या भांडणात पडू नये.

— वि. का.

•

उत्तर: सही करावी की नाही?

सूचना: चर्चा जरूर चालू ठेवा, फक्त भाषा सांभाळा. आणि हॉलची चावी कोणाकडे आहे ते कृपया याच धाग्यात विचारू नका, काल दोघांनी विचारले.

— समिती

•

उत्तर: सही करावी की नाही?

काका, नमस्कार. आणि विद्यार्थिनीला: बरे झाले विचारलेस.

मी अकरा वर्षे एका विद्यापीठाच्या प्रायोजित संशोधन कार्यालयात आहे. प्राध्यापकांना पैसा देणाऱ्यांचे करार वाचायचे आणि ज्या कलमावर सही करू नये तिथे पेन्सिलने खूण करायची, हे माझे काम. त्यामुळे मी जे लिहिणार ते थोडे कारकुनी वाटेल.

आधी व्हिसा, कारण तुझी ती भीती शंभर टक्के खरी आहे. मार्च २०२५ मध्ये कोलंबिया विद्यापीठातल्या एका भारतीय पीएचडी विद्यार्थिनीचा व्हिसा रद्द झाला आणि ती काही दिवसांत कॅनडाला निघून गेली. त्याच महिन्यात टफ्ट्स विद्यापीठातल्या एका तुर्की पीएचडी विद्यार्थिनीला रस्त्यातून उचलले आणि लुइझियानात सहा आठवडे डांबून ठेवले. तिचे नाव चर्चेत होते ते विद्यार्थ्यांच्या वृत्तपत्रात इतर तिघांबरोबर लिहिलेल्या एका लेखामुळे. दगड नाही, तंबू नाही, लेख. तेव्हा "नुसती सही तर आहे" असे तुला कोणी म्हणाले तर त्याचा पासपोर्ट कुठला आहे ते आधी विचार. कुठलाही कागद पुढे आला तर विद्यापीठाच्या परदेशी विद्यार्थी कार्यालयाच्या पलीकडचा, म्हणजे इमिग्रेशनचा वकील गाठ.

पण काका, व्हिसा जाऊ शकतो म्हणून मागणी चुकीची ठरत नाही. आणि मॅडिसनच्या चौघा गुन्हेगारांचे ओझे इमारतीसमोर सतरंजी टाकून बसलेल्या पोरांच्या खांद्यावर का द्यायचे? पाहुण्याचे म्हणाल, तर ही पाहुणी तीन वर्षे तुमच्याच घरात राबतेय.

आता मागणी. "सर्व संबंध" म्हणजे नेमके काय? विद्यापीठाच्या ठेवींचे पैसे शस्त्र कंपन्यांच्या शेअरमध्ये असणे वेगळे, नोकरी मेळाव्यात त्या कंपन्यांनी टेबल लावणे वेगळे आणि लॅबमधला करार वेगळा. पहिल्या दोन गोष्टींवर मला फारसे म्हणायचे नाही. ठेवी बहुधा अशा सामायिक फंडांत असतात की आत काय आहे ते विश्वस्तांनाही पटकन सांगता येत नाही. नोकरी मेळाव्यात जायचे की नाही हे ज्याचे त्याने ठरवावे. तसाही तुला तिथे काही उपयोग नाही, त्यांतल्या बहुतेक नोकऱ्यांना नागरिकत्व किंवा निदान ग्रीन कार्ड लागते. खरा प्रश्न कराराचा आहे.

काकांनी स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटचे नाव काढले, तिथलीच गोष्ट सांगते. तो पहिला संदेश पोचायच्या सहाच महिने आधी, एप्रिल १९६९ मध्ये, स्टॅनफर्डच्या विद्यार्थ्यांनी अप्लाइड इलेक्ट्रॉनिक्स लॅबोरेटरी नऊ दिवस ताब्यात घेतली होती. तिथे गुप्त लष्करी संशोधन चाले. हे विद्यार्थी त्या इन्स्टिट्यूटबद्दल काय मागत होते ठाऊक आहे? "तोडा" नव्हे. ते म्हणत होते की ही संस्था विद्यापीठाची आहे, तर तिच्यावर विद्यापीठाचा लगाम घट्ट करा आणि कुठले काम घ्यायचे याचे नियम ठरवा. विश्वस्तांनी काय केले? १९७० मध्ये संस्थाच वेगळी करून टाकली. हात झटकले. लष्करी काम चालूच राहिले, फक्त त्यावर प्रश्न विचारायला विद्यार्थी उरले नाहीत, प्राध्यापकही नाहीत.

एमआयटीत तेच. तिथल्या इन्स्ट्रुमेंटेशन लॅबोरेटरीने अपोलोला चंद्रावर नेणारी दिशादर्शक यंत्रणा केली आणि पाणबुडीतून सुटणाऱ्या पोसायडन क्षेपणास्त्राचीही. नोव्हेंबर १९६९ मध्ये दारात निदर्शने झाली, पोलीस आले, समित्या बसल्या आणि १९७३ मध्ये लॅब ड्रेपर नावाने बाहेर पडली. ट्रायडंट क्षेपणास्त्रांचे दिशादर्शन पुढे याच ड्रेपरने केले. दृष्टीआड सृष्टी. विद्यापीठाचा आत्मा शुद्ध झाला, क्षेपणास्त्राचा नेम होता तसाच राहिला.

म्हणून मी असते तर त्या कागदावर सही केली नसती, आणि काकांच्या कारणासाठी नव्हे. "सर्व संबंध तोडा" ही मागणी कुलगुरूंना सगळ्यात सोयीची आहे. मान्य केली तर लॅब शहराबाहेरच्या एखाद्या काचेच्या इमारतीत जाईल आणि आपण सगळे सुटलो म्हणून निजू.

त्या काळातले टिकले ते वेगळेच. स्टॅनफर्डने १९६९ मध्ये नियम केला की संशोधन खुले हवे, गुप्ततेची अट नको. अशाच स्वरूपाचे नियम पुढे अनेक विद्यापीठांत आले. १९८५ मध्ये रेगन सरकारच्या एनएसडीडी-१८९ या राष्ट्रीय सुरक्षा निर्देशाने सांगितले की मूलभूत संशोधनाचे निष्कर्ष शक्य तितके निर्बंधमुक्त राहावेत. यातला बारकावा माझ्या टेबलावर रोज येतो. करारात "छापण्याआधी आमची परवानगी घ्या" असे कलम आले की ते काम खुले राहत नाही, लगेच एक्स्पोर्ट कंट्रोल, म्हणजे तंत्रज्ञान परदेशी माणसांच्या हाती जाण्यावरचे निर्बंध, लागू होऊ शकतो, आणि मग लॅबमध्ये कोण बसणार हे पासपोर्ट बघून ठरते. म्हणजे तुझी खुर्ची जाते. गुप्ततेविरुद्ध ती मुले नऊ दिवस बसली होती त्यात तुझाही हिशेब आहे, हे आंदोलनवाल्या मैत्रिणींना कदाचित माहीत नसेल. तुलाही नसेल.

कोलंबिया विद्यापीठातही ठिणगी कागदाचीच होती. १९६७ मध्ये एका विद्यार्थ्याला ग्रंथालयात दिसले की आपले विद्यापीठ इन्स्टिट्यूट फॉर डिफेन्स अ‍ॅनालिसेस या संरक्षण खात्यासाठी अभ्यास करणाऱ्या संस्थेचे औपचारिक सभासद आहे. विद्यापीठाने हे कोणाला सांगितले नव्हते. पुढच्या वर्षी एप्रिलमध्ये इमारती ताब्यात घेतल्या गेल्या, सातशेहून जास्त अटका झाल्या. आणि मेलबर्न विद्यापीठात मे २०२४ मध्ये विद्यार्थ्यांनी ताब्यात घेतलेली आर्ट्स वेस्ट इमारत सोडली ती कशावर? शस्त्र कंपन्यांशी असलेले संशोधन करार विद्यापीठ जाहीर करेल या आश्वासनावर. मला ती मागणी शहाणी वाटली. जे दिसते त्याच्याशी भांडता येते.

तुझ्या सरांच्या "आपण गणित करतो" बद्दल. संरक्षण खाते स्वतः गणिताला गणित म्हणत नाही, त्याला आकडा देते. ६.१ म्हणजे मूलभूत संशोधन, ६.२ उपयोजित, ६.३ म्हणजे प्रत्यक्ष यंत्रणेकडे सरकलेले तंत्रज्ञान. तुझ्या ग्रँटचा आकडा सरांना नक्की ठाऊक आहे. तो विचार. छापण्यावर कलम आहे का, विचार. दर तिमाहीला कोण येऊन काय बदलायला सांगते, तेही विचार. जपानच्या विज्ञान परिषदेने १९५० आणि १९६७ मध्ये लष्करी संशोधनाला नकार दिला होता. २०१५ मध्ये त्यांच्या संरक्षण खात्याने विद्यापीठांसाठी पैशाची योजना काढल्यावर २०१७ मध्ये परिषदेने तो नकार पुन्हा मांडला, तेव्हा त्यांचा मोठा आक्षेप हाच होता: पैसे देणाऱ्या खात्याचे अधिकारीच कामाच्या प्रगतीवर देखरेख करतात. पैसा कोणाचा यापेक्षा सुकाणूवर हात कोणाचा, हे त्यांनी पाहिले.

खुलेपणाने तुझा दुसरा प्रश्न सुटत नाही, हे मी मान्य करते. खुला पेपर कोणीही उचलून नेतो. लपलेल्या माणसापर्यंत पोचणारे यंत्र ६.१ च्या पैशातूनही निघू शकते. त्यावर माझ्याकडे कलम नाही. जर्मनीतल्या ब्रेमेन विद्यापीठाने १९८६ पासून लष्करी संशोधन नाकारले आहे, तिथे तुझ्या विषयाच्या माणसांना रोज हाच कीस पाडावा लागत असणार.

— मृ. प.

•

उत्तर: सही करावी की नाही?

ताईंचे सगळे पटले नाही. मोकळे ठेवा, जाहीर करा, हे बोलायला सोपे. काही गोष्टी गुप्तच ठेवाव्या लागतात, नाहीतर समोरचाही वाचतो.

पण एक लिहितो. माझा मुलगा सात-आठ वर्षांचा असताना त्याने विचारले होते, बाबा तुम्ही काय बनवता. मी म्हणालो, अँटेना. तो म्हणाला, टीव्हीची? मी हो म्हणालो. तुझ्या सरांचे वाक्य वाचले आणि ते आठवले.

सही करू नकोस हे अजूनही म्हणतो. प्रश्न मात्र विचार.

— वि. का.

•

उत्तर: सही करावी की नाही?

काका, ताई, मनापासून आभार. उशीर झाला, कारण विचारायचे धाडस व्हायला चार दिवस लागले.

ग्रँट ६.१ ची आहे. छापण्यावर कलम नाही, सरांनी कागदच समोर ठेवला. थोडे चिडले, मग म्हणाले, "एवढ्या वर्षांत कोणी हे विचारले नव्हते." तिमाही बैठकीत कोण काय म्हणते त्याबद्दल मात्र "बघू" म्हणाले.

मैत्रिणींना ताईंचा मेल नाव काढून दाखवला. स्टॅनफर्डचे वाचून एकजण बराच वेळ गप्प होती. दुसरी म्हणाली, हे तडजोडीचे आहे, लोक मरत असताना तुम्ही कलमे मोजताय. मला तिला उत्तर देता आले नाही. तरी काल त्या दोघींनी मागणीत एक ओळ वाढवली: इमारतीतल्या प्रत्येक कराराचा प्रायोजक आणि प्रकाशनाचे कलम जाहीर करावे. मी त्या कागदावरही अजून सही केलेली नाही. वकिलांची वेळ गुरुवारची मिळाली आहे.

विद्यापीठाच्या ग्रँटच्या यादीत आमच्या मजल्यावरचे सगळे प्रकल्प शोधले. सात सापडले. मजल्यावर लॅब मात्र आठ आहेत. आठवीच्या दाराला कार्डाचे कुलूप आहे आणि तिथे मी आजवर एकही परदेशी विद्यार्थी आत जाताना पाहिलेला नाही. ताई, अशा वेळी कोणत्या कार्यालयाला लिहायचे असते?