सरे काउंटीची पुनर्रचना : पॅरिश कौन्सिल स्थापण्याबाबत मार्गदर्शन हवे आहे

नमस्कार मंडळी,

मी इंग्लंडमधील सरे काउंटीत चौदा वर्षे राहत आहे. इथे शाळा, रस्ते आणि वृद्धांची देखभाल काउंटी कौन्सिलकडे, तर कचरा उचलणे, बांधकाम परवाने आणि उद्याने बरोकडे (काउंटीतील एका विभागाच्या कौन्सिलकडे), असा दुहेरी कारभार आहे. काउंटी कौन्सिल आणि तिच्या हद्दीतील ११ बरो व जिल्हा कौन्सिल बरखास्त करून १ एप्रिल २०२७ पासून पूर्व सरे आणि पश्चिम सरे अशा दोनच कौन्सिल ठेवण्याचा निर्णय सरकारने ऑक्टोबर २०२५ मध्ये जाहीर केला. नव्या कौन्सिलची निवडणूक मे २०२६ मध्ये होणार असून भारतीय पासपोर्टवर इथे कायदेशीर राहणाऱ्यांनाही तीत मतदान करता येते, हे अजूनही आपल्यातील अनेकांना ठाऊक नसते.

आमचा बरो पश्चिम सरेत जाणार आहे. तिथेच वोकिंग हा बरोही आहे. वोकिंगवर सुमारे दोन अब्ज पौंडांचे कर्ज असून त्यातील ५० कोटी पौंड फेडण्याची हमी सरकारने दिली आहे, तरी उरलेल्याचा भार कोणावर पडणार ही काळजी गल्लीतील प्रत्येक घरात बोलून दाखवली जाते. माझी काळजी मात्र त्याहून लहान आणि जवळची आहे.

आमच्या वस्तीत बरोच्या मालकीचे एक जुने सभागृह आहे. त्याची किल्ली मागच्या गल्लीतील एका आजींकडे असते. शनिवारी सकाळी त्या दार उघडून हीटर लावतात, दहा वाजता आमच्या मराठी शाळेची बावीस मुले येतात, आणि मुले गेली की त्याच टेबलांवर ज्येष्ठांचे जेवण मांडले जाते. सहा बरोंची मालमत्ता एकत्र आल्यावर एवढ्याशा वास्तूकडे कोण लक्ष देईल? म्हणून वस्तीसाठी पॅरिश कौन्सिल (गाव वा वस्तीपातळीची सर्वांत लहान स्थानिक कौन्सिल) स्थापावी आणि सभागृह तिच्याकडे यावे, असा आमचा प्रयत्न आहे. नव्या रचनेत सुचवलेल्या परिसर समित्या मला पुरेशा वाटत नाहीत, कारण पॅरिश कौन्सिलप्रमाणे काउन्सिल टॅक्समध्ये (घरांवरील स्थानिक करात) स्वतःचा वाटा लावून खर्च भागवण्याचा अधिकार त्यांना नसतो.

स्थानिक शासनाविषयीच्या २००७ च्या कायद्यानुसार अडीच हजारांहून अधिक मतदार असलेल्या भागात साडेसात टक्के मतदारांच्या सह्यांचा अर्ज आला, तर पॅरिश कौन्सिल स्थापण्याबाबत कौन्सिलला फेरआढावा घ्यावाच लागतो आणि तो बारा महिन्यांत पूर्ण करावा लागतो. आमच्याकडे सुमारे ३,००० मतदार आहेत, म्हणजे २२५ सह्या पुरेत. परंतु अर्ज बरोकडे दिला आणि मुदतीच्या आत बरोच संपला, तर अपुरे काम नवी कौन्सिल पुढे नेते, की सारे पहिल्यापासून करावे लागते? शिवाय हस्तांतराच्या काळात १ लाख पौंडांहून अधिक किमतीची जमीन विकण्यावर निर्बंध येऊ शकतात. सभागृह रहिवाशांच्या न्यासाला नाममात्र भाड्याने दीर्घ मुदतीसाठी मिळाले, तर त्यालाही तो निर्बंध लागू होतो का?

नॉर्दम्प्टनशायरमध्ये २०२१ साली आठ कौन्सिल जाऊन दोन आल्या आणि त्याच वेळी नॉर्दम्प्टन, केटरिंग व कॉर्बी येथे टाउन कौन्सिल (शहरासाठीच्या पॅरिश कौन्सिल) सुरू झाल्या. तिथे राहणाऱ्या सभासदांनी आपला अनुभव जरूर सांगावा. विशेषतः सभागृहे आणि उद्याने नव्या टाउन कौन्सिलकडे पहिल्याच दिवशी आली की मागाहून भांडून मिळवावी लागली, हे मला जाणून घ्यायचे आहे.

माझी मावशी फुरसुंगीला असते. ते गाव २०१७ मध्ये पुणे महापालिकेत गेले, मग वेगळे काढून त्याची नगरपरिषद झाली. त्या काळात दिवाबत्तीची तक्रार नेमकी कुठे द्यायची हेच तिला उमगत नसे. आमच्या आजींवर ती पाळी येऊ नये असे मनापासून वाटते.

आणखी एक अडचण नियोजित पॅरिशच्या हद्दीची आहे. आमच्या नकाशात हद्द कालव्यापर्यंत जाते, पण पलीकडच्या दोन गल्ल्यांतील मुलेही शाळेला येतात. त्यांना आत घेतले तर मतदार वाढून सह्याही जास्त लागतील, वगळले तर त्या घरांना वाईट वाटेल. अशी हद्द कोणी आखली असल्यास कोणत्या निकषावर आखली, ते कृपया कळवावे. सह्या गोळा करण्याचे काम पुढच्या शनिवारी, शाळा सुटल्यावर सुरू होत आहे.