अनुभव धागा: घरकुलाचा हप्ता, मुदत आणि आपलं बांधकाम (नागपूर)

नमस्कार. हुडकेश्वरकडे गुंठेवारीतला आमचा छोटा प्लॉट आहे. आरएल, म्हणजे प्लॉट नियमित झाल्याचं पत्र, हातात आल्यावरच फाइल सरकली, आणि आता प्रधानमंत्री आवास योजना शहरी २.० मध्ये माझ्या नावानं घर मंजूर झालंय. केंद्राचे दीड लाख, राज्याचा एक लाख. उत्पन्न ३ लाखांच्या आत, देशात कुठेही नावावर पक्कं घर नाही, तेवढं बसलं. पण पैसा काम झाल्यावर येतो. टप्पा पूर्ण, जिओटॅग (जागेची नोंद असलेला) फोटो चढला, मग हप्ता. म्हणजे पायव्याचे पैसे आधी आपल्यालाच उभे करायचे. दिवाळीनंतर जुनी टिनाची खोली पाडायची आहे आणि धाकधूक थांबत नाही. तुमचे पैसे कुठे अडले, मुदत कशी गाठली, खरे आकडे सांगा.

*पारडी*
ताई, आमचं २०१९ ला मंजूर झालं. जोत्यापर्यंत आलो अन् लॉकडाउन लागला. मिस्त्री बालाघाटचा, तो गावी गेला. दोन पावसाळे कॉलमच्या सळाखी उघड्या उभ्या होत्या. गंज चढू नये म्हणून बायको एकेका सळाखीला दुधाच्या पिशव्या सुतळीनं बांधायची. योजना ३१ मार्च २०२२ ला संपणार म्हणून जीव टांगणीला होता. मंजूर घरांसाठी ३१ डिसेंबर २०२४ पर्यंत वाढ मिळाली, हे त्या ऑगस्टमध्ये कळलं तेव्हा कुठे झोप लागली.

मग घाईत स्लॅब मे महिन्यात टाकला. ते करू नका. नागपूरचं ऊन तुम्हाला माहीत आहे. बारदान पसरून दिवसातून पाच-सहा वेळा पाणी मारलं, टँकर विकत घेतले, तरी एका कोपऱ्यात तडा गेलाच. एकूण ६ लाख ८० हजार लागले. बायकोच्या सोन्यावर कर्ज काढलं. शिवाय भाड्याच्या खोलीचे महिन्याला साडेतीन हजार. तो खर्च कोणी आधी धरतच नाही.

*कुही तालुका*
आमचं ग्रामीणचं, मायच्या नावानं. १ लाख २० हजार, रोजगार हमीची ९० दिवसांची मजुरी अन् संडासचे १२ हजार वेगळे. पहिला हप्ता १५ हजार. यादीत 'जमा' दिसे, खात्यात काहीच नाही. दोन महिने चकरा मारल्या. मंग एका पोरानं मोबाइलवर पाहून सांगतलं, काकू, तुमचं आधार दुसऱ्याच बँकेले जोडलं आहे. मायनं गॅसच्या सबसिडीसाठी कधीतरी खातं काढलं होतं. पासबुक पेटीत तळाशी, उंदरानं कुरतडलेलं. पैसे तिथंच पडले होते! आधार शेवटी जिथं जोडलं तिथंच पैसा जाते बाप्पा, आधी ते पाहून घ्या.

अन् घरकुलवाल्याले ५ ब्रास रेती फुकट आहे, वाहतूक आपल्या खिशातून. पावसाळ्यात घाट बंद असते, पास त्याच्या आधी काढा.

*उत्तर नागपूर*
राज्याच्या रमाई आवास घरकुल योजनेत आमचं झालं. हप्ते वेळेत आले, तक्रार नाही. अडलं ते कागदावर. वस्तीच्या पट्ट्यावर सासऱ्यांचं नाव, अर्ज माझ्या नावानं, आणि सासरे वारलेले. वारसाचे कागद जमवण्यात आठ महिने गेले. घरात वयस्कर माणूस असेल तर हे आजच बघा. बोलायला जड जातं, तरी बघा.

*हुडकेश्वर*
सगळ्यांचे मनापासून आभार. कुहीच्या दादांचं वाचून लगेच तपासलं. माझं आधार खरंच जुन्या कंपनीच्या पगाराच्या खात्याला जोडलेलं निघालं, ते खातं केव्हाच बंद पडलंय. सोमवारी बँकेत जाते. खोली पाडायचं त्यानंतरच, आणि स्लॅब फेब्रुवारी संपायच्या आत.

पारडीच्या दादा, एक विचारते. भाड्याच्या खोलीत सामान मावलं का तुमचं? आईची शिलाई मशीन आणि दोन लोखंडी पेट्या आहेत, त्या ती नजरेआड होऊ देत नाही.