चिलिका प्रदक्षिणा सायकलने: नाशिकहून निघताना दिशा, फेरी आणि खारी हवा

पंचवटीकर:
डिसेंबरच्या उत्तरार्धात आम्ही चौघे ओडिशातल्या चिलिका सरोवराभोवती सायकलने फिरायचं म्हणतोय. दोन हायब्रिड (७०० x ३८ टायर), दोन एमटीबी (डोंगरी सायकली, २७.५), मागे कॅरिअर आणि पॅनिअर (कॅरिअरला लटकवायच्या पिशव्या). नाशिक रोडवरून रेल्वेनं जाणार, हातात फिरायचे चार दिवस. चार गोष्टी विचारायच्या आहेत. उपग्रह नकाशात पाण्याच्या अगदी कडेनं बारीक वाटा दिसतात, त्यावरून पूर्ण फेरी होते का? कुठून सुरुवात करावी? आणि खाऱ्या हवेसाठी सायकलची वेगळी तयारी लागते का? आमचा सराव त्र्यंबक, वणी, इगतपुरी अशा चढ-उताराच्या रस्त्यांवरचा आहे, तो पुरेल का?

गियर_शिफ्टर:
पहिल्या प्रश्नाचं उत्तर स्पष्टपणे 'नाही' असंच आहे, आणि त्याचं कारण समजून घेतलंत तर बाकीचा बेत आपोआप सुटतो. चिलिका हे गंगापूर धरणासारखं पक्क्या काठाचं पाणी नाही. ते समुद्राला जोडलेलं खाजण आहे. खोली सरासरी जेमतेम दोन मीटर. पावसाळ्यात पाणी साधारण ११६५ चौरस किलोमीटरवर पसरतं आणि उन्हाळ्यात ९०० च्या आसपास येतं. मधला अडीचशे चौरस किलोमीटरचा पट्टा कधी पाणी, कधी चिखल, कधी गवत असतो. नकाशात दिसणाऱ्या त्या वाटा म्हणजे बहुतेक भातखाचरांचे बांध आणि कोळंबीच्या तळ्यांचे बंधारे. डिसेंबरात त्यावरची माती वरून वाळलेली आणि खालून ओली असते. पॅनिअरसकट चाक रुतलं की सायकल उचलूनच काढावी लागते. उत्तरेला तर दया आणि भार्गवीसारखे महानदीचे फाटे सरोवरात येऊन मिळतात, तिथे काठाचा रस्ता असणंच शक्य नाही.

म्हणून फेरी अशी धरा, घड्याळाच्या काट्याप्रमाणे:

पहिला दिवस पुरी ते सातपाडा, ब्रह्मगिरीमार्गे, सुमारे ५० किमी, सगळं सपाट. ब्रह्मगिरीला अलारनाथाचं मंदिर रस्त्याला लागूनच आहे. दुपारी सातपाड्याला पोहोचलात तर इरावती डॉल्फिन बघायच्या होड्या मिळतात.

दुसरा दिवस सातपाड्याहून जान्हिकुडापर्यंत वाहनं नेणारी फेरीबोट, मग कृष्णप्रसाद, मालूद, पालूर आणि रात्री रंभा. या टप्प्यात एका बाजूला सरोवर, दुसऱ्या बाजूला समुद्र, मध्ये वाळूचा दांडा. सगळ्या प्रदक्षिणेतला हा सर्वांत सुंदर दिवस आहे, घाई करू नका.

तिसरा दिवस रंभा, बारकुल, बालुगाव, टांगी, राष्ट्रीय महामार्ग १६ वरून. टांगीहून आत वळलं की मंगलाजोडी. एकेकाळी शिकारीसाठी ओळखल्या जाणाऱ्या या गावात आता तीच माणसं पक्षी राखतात. बांबूनं ढकलायच्या होडीतून पक्षी अगदी जवळून दिसतात. तिथे संध्याकाळ ठेवाच.

चौथा दिवस टांगी, खोर्धा, जटणी. खुर्दा रोड जंक्शन जटणीतच आहे. तिथून पुरी रेल्वेनं ४४ किमी, किंवा पिपिलीमार्गे सायकलनं.

दिशा हीच का? डिसेंबर-जानेवारीत तिथे वारा मुख्यतः उत्तर-ईशान्येकडून. सरोवर ईशान्य-नैऋत्य असं आडवं पसरलंय. समुद्राच्या बाजूनं नैऋत्येला जाताना, म्हणजे जिथे झाडोरा कमी आणि आडोसा नाही तिथे, वारा पाठीशी राहतो. परतताना महामार्गावर तो समोरून येतो, पण तिथे डोंगर आणि वस्तीची आड आहे, आणि सकाळी नऊपर्यंत तो मंद असतो. मार्चनंतर जाणार असाल तर हा हिशोब उलटा करा, कारण तेव्हा दुपारचा वारा समुद्राकडून, दक्षिणेचा येतो.

सिन्नरची_चाकं:
वरच्या उत्तरात एक भर. इंटरनेटवर मिळणाऱ्या जुन्या जीपीएस ट्रॅकमध्ये कुणी पुरीहून वाळूवरूनच खाली गेल्यासारखी रेघ दिसली तर ती घेऊ नका. सप्टेंबर २००० मध्ये सातपाड्याजवळ सरोवराचं समुद्राकडचं नवं मुख खोदून उघडलं, कारण जुनं मुख गाळानं भरून पाण्यातला खारेपणा घटला होता. तेव्हापासून मुखाजवळची वाळू सतत सरकते आणि चक्रीवादळात नवी तोंडंही फुटतात. जिथे काल वाळू होती तिथे आज पाण्याची ओढ असू शकते.

आणि उजेडाचा हिशोब नाशिकच्या घड्याळानं करू नका. पुरी आपल्यापेक्षा १२ अंश पूर्वेला, अंशाला ४ मिनिटं, म्हणजे पाऊण तासाहून जास्त फरक. डिसेंबरच्या शेवटी तिथे सव्वापाचलाच सूर्य मावळतो. दुपारी चारनंतर पुढच्या मुक्कामाचं अंतर १५ किमीच्या वर उरता कामा नये. सकाळी मात्र सव्वासहाला उजाडतं, तो वेळ वापरा. फेरीबोटीच्या वेळा आदल्या संध्याकाळी सातपाड्याच्या जेट्टीवरच विचारा, आणि पहिली किंवा दुसरी बोट धरा.

पंचवटीकर:
धन्यवाद, दिशा पक्की. रेल्वेत सायकली कशा न्यायच्या, आणि सायकलच्या तयारीबद्दल कुणी सांगेल का?

देवळाली_पॅडल:
लोकमान्य टिळक टर्मिनस–पुरी गाड्या नाशिक रोडवरून जातात, पण रोज नाहीत, त्यामुळे आधी गाडीचा वार पक्का करा आणि मग सुट्ट्या टाका. सायकल ब्रेकव्हॅनमध्ये (सामानाच्या डब्यात) टाकायची तर तुमच्या तिकिटावर लगेज म्हणून बुक करा. नुसतं पार्सल केलं तर ती दुसऱ्या गाडीनं, दुसऱ्या दिवशी येऊ शकते. नाशिक रोड हे मधलं स्टेशन, थांबा थोडा. डबा भरलेला असेल तर माल मागे राहतो. म्हणून गाडीच्या किमान दोन-तीन तास आधी पार्सल ऑफिसला जा, आणि डबा फलाटावर कुठे लागतो ते हमालांना विचारून तिथेच उभं राहा. उतरण्याचं स्टेशन पुरीच ठेवा. शेवटचं स्टेशन असल्यानं सायकल पुढे निघून जायची भीती राहत नाही.

बांधताना रिअर डिरेल्युअर (मागचे गियर बदलणारा भाग) हँगरवरून (तो ज्या धातूच्या कानावर बसतो त्यावरून) सोडवून चेनस्टेला (मागच्या चाकाकडे जाणाऱ्या खालच्या नळीला) कापडात गुंडाळा. हँगर किंचित वाकला तरी मोठ्या गियरवर चेन स्पोकमध्ये जाते. प्रत्येक सायकलचा हँगर वेगळा असतो, म्हणून आपापला एक जादा घ्या. डावं पॅडल उलट्या आट्याचं असतं, काढताना घड्याळाच्या दिशेनं फिरवा. चाकं काढणार असाल तर डिस्क ब्रेकच्या पॅडमध्ये जाड पुठ्ठा घाला, नाहीतर प्रवासात लीव्हर दाबला गेला की पिस्टन बाहेर येतात. रोटरवर (ब्रेकच्या चकतीवर) प्लॅस्टिक बांधा. त्याच डब्यात मासळीच्या पेट्या असतील तर त्यांचं पाणी रोटरवर पडून ब्रेक किंचाळायला लागतात.

वंगण:
खाऱ्या हवेबद्दल सविस्तर लिहितो, कारण नाशिकच्या कोरड्या हवेत ही सवय लागतच नाही. मीठ हवेतला ओलावा धरून ठेवतं, त्यामुळे सायकल वाळलेली दिसली तरी धातूवर पातळ खारं पाणी असतंच. ॲल्युमिनियम आणि स्टील एकमेकांना लागतात तिथे गंज सर्वांत लवकर धरतो: स्टील फ्रेममध्ये ॲल्युमिनियमचा सीटपोस्ट (सीटखालची दांडी), पॅडलचे आटे, बाटलीच्या पिंजऱ्याचे बोल्ट, ॲल्युमिनियमच्या स्पोक निपल (स्पोक आवळायच्या बारीक नळ्या). निघण्याआधी सीटपोस्ट पूर्ण बाहेर काढून ग्रीस लावा, पॅडल आणि कॅरिअरच्या प्रत्येक बोल्टला ग्रीस. एवढं एकच काम केलंत तरी अर्धी लढाई जिंकलात.

चेन: मेणाचं किंवा ड्राय ल्यूब (कोरडं वंगण) इथे टिकत नाही, वेट ल्यूब (ओलं, तेलकट वंगण) घ्या. पण थेंबथेंब प्रत्येक कडीवर टाकून दहा मिनिटांनी बाहेरून पूर्ण पुसून काढा. बाहेर चिकट राहिलं तर कृष्णप्रसादची बारीक वाळू त्यात मिसळून सँडपेपर होतो, आणि चेनबरोबर कॅसेटही (मागच्या दातेरी चकत्यांचा संच) जाते. रोज संध्याकाळी कोरड्या फडक्यानं चेन पुसणं, दर दुसऱ्या दिवशी ल्यूब. फेरीबोटीवर सायकल चेनची बाजू वर ठेवून, म्हणजे डाव्या अंगानं कठड्याला टेकवून पट्ट्यानं बांधा. मुक्कामाला बादलीभर गोड्या पाण्यानं हलक्या हातानं धुवा. प्रेशरचा फवारा हबवर (चाकाच्या तुंब्यावर) आणि बॉटम ब्रॅकेटवर (पॅडलच्या आसाच्या बेअरिंगवर) नको, तो पाणी सीलच्या आत ढकलतो.

टायर: सामानासह ७०० x ३८ ला मागे ५५ आणि पुढे ४५ पीएसआय (हवेचा दाब), २७.५ x २.१ ला ३५ आणि ३०. टायरच्या भिंतीवर लिहिलेल्या मर्यादेबाहेर जाऊ नका. महामार्गाच्या कडेला ट्रकच्या फुटलेल्या टायरमधल्या केसाएवढ्या तारा पडलेल्या असतात. त्या टायरमध्ये राहतात आणि नवी ट्यूब घातली की पुन्हा पंक्चर. म्हणून बोटांनी आतून चाचपा (जपून, ती तार बोटातही शिरते), आणि एक बारीक चिमटा सोबत हवाच. ट्यूबचा वाल्व प्रेस्टा (बारीक, लांब तोंडाचा) असेल तर गावच्या पंक्चरवाल्याचा पंप बसत नाही, पितळी अडॅप्टर दोन ठेवा. प्रत्येक सायकलसाठी दोन ट्यूब, सगळ्यांत मिळून पॅचचे दोन डबे.

मागच्या चाकाच्या गियरकडच्या बाजूचा स्पोक तुटणं हा वजनाच्या प्रवासातला नेहमीचा घोळ. कॅसेट काढल्याशिवाय तो बदलता येत नाही, तेव्हा कॅसेट टूल आणि दोन्ही बाजूंच्या मापाचे दोन-दोन स्पोक ठेवा. मागच्या चाकात डाव्या-उजव्या स्पोकांच्या लांबीत थोडा फरक असतो, एकच माप घेऊन जाऊ नका.

गियर_शिफ्टर:
सरावाबद्दल राहिलं. घाटाचा सराव ताकदीला चांगला, पण चिलिकाचा रस्ता जवळजवळ सपाट आहे आणि त्याचा त्रास वेगळा. घाटात चढाला माणूस उठतो, उताराला पाय थांबवतो. सपाटीवर तासन् तास बैठक हलत नाही, त्यामुळे दुसऱ्या दिवशी जांघा सोलवटतात आणि करंगळ्या बधिर होतात. जाण्याआधी तीन रविवार पूर्ण सामानासकट ओढा, चांदोरी, निफाडमार्गे नांदूर मध्यमेश्वरला जाऊन या. दर वीस मिनिटांनी मोजून पंधरा सेकंद सीटवरून उठायची सवय लावा. करंगळी बधिर झाली तर सीटचं नाक खाली झुकलंय का बघा. झुकलं असेल तर सगळा भार हातावर येतो.

पाणी: वाळूच्या दांड्यावर हातपंपाचं पाणी बऱ्याच ठिकाणी मचूळ लागतं. सातपाड्यालाच माणशी तीन लिटर भरून घ्या, आणि रोख रक्कम पुरीतच काढून ठेवा.

पंचवटीकर:
तिसऱ्या दिवशी समोरचा वारा फारच झाला तर?

सिन्नरची_चाकं:
रेल्वे महामार्गाच्या बरोबरीनंच जाते. रंभा, खल्लीकोट, चिलिका, बालुगाव अशी स्टेशनं ओळीनं आहेत. बालुगावला थांबून सायकली गाडीत घाला आणि खुर्दा रोडला उतरा. मोठ्या गाड्या लहान स्टेशनांवर थांबत नाहीत, त्यामुळे रंभा सोडल्यावर सायकलप्रवास मोडायचाच झाला तर बालुगावपर्यंत रेटा.

पंचवटीकर:
ठीक. हँगर, अडॅप्टर आणि चिमटा आजच यादीत टाकले. या रविवारी पहाटे सामानासकट नांदूर मध्यमेश्वर.

वंगण:
तिथल्या चापडगावच्या पक्षी बघायच्या मनोऱ्याकडे जाण्याआधी कॅरिअरचे बोल्ट पुन्हा एकदा आवळा. नव्या कॅरिअरचे बोल्ट पहिल्या तीस-चाळीस किलोमीटरमध्येच सैल होतात.